पावलांचे सामान्य विकार

मराठीत ‘पाय’ म्हटले की मांडीपासून बोटांपर्यंतचा सगळा अवयव आला. ही नोंद घोट्याखालच्या भागापुरती, म्हणजे टाच, तळवा, चवडा, बोटे आणि नखे यांपुरती आहे. एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. चालताना शरीराचा भार टाचेवरून चवड्याकडे आणि शेवटी अंगठ्याकडे सरकतो. तळव्याच्या त्वचेचा वरचा थर विशेष जाड असतो. तेथे घामाच्या ग्रंथी दाटीने असतात, तैलग्रंथी मात्र मुळीच नसतात. त्यामुळे ही त्वचा कोरडी पडली की तडकते आणि ओली राहिली की कुजते. चिखल्या, भेगा, कुरूप, टाचदुखी, जळवात, नख रुतणे ही नावे घरोघरी ठाऊक आहेत. अडचण अशी की यांतले एकेक नाव दोन-तीन वेगळ्या विकारांना लावले जाते आणि उपाय मात्र नावावरून ठरतो.

प्राचीन उल्लेख : सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ४४ ‘क्षुद्ररोग’ सांगितले आहेत. पाददारी, कदर व अलस हे पावलांचे विकार त्यांतलेच. (वाग्भटाने क्षुद्ररोगांची संख्या ३६ धरली आहे.) संहितेचा काळ वादग्रस्त आहे. मूळ गाभा इसवी सनापूर्वीच्या काही शतकांतला असावा आणि आजचा पाठ इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत सिद्ध झाला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. येथे ‘क्षुद्र’ याचा अर्थ क्षुल्लक असा घेण्यापेक्षा ‘ज्यांचे निदान व उपचार थोडक्यात सांगता येतात ते’ असा घेणे बरे. कारण यांतले काही विकार रोग्याला महिनोन्‌महिने चालू देत नाहीत.

पाददारी म्हणजे भेगा. फार चालणाऱ्याच्या रुक्ष तळव्यांत वायू भेगा पाडतो, असे तेथे म्हटले आहे. अलस हा दूषित चिखलाच्या (मूळ शब्द ‘दुष्टकर्दम’) स्पर्शाने होतो. त्यात बोटांच्या बेचक्या ओलसर राहतात, खाज, आग आणि ठणका असतो. मराठीतला ‘चिखल्या’ हा शब्द याच कारणाकडे बोट दाखवतो. तो ग्रंथपरंपरेतून झिरपला असण्यापेक्षा शेतातल्या अनुभवातून स्वतंत्रपणे पडला असावा. कदर म्हणजे कुरूप : खडे रुतल्याने किंवा काट्याने जखम झाल्याने तळव्यात होणारी, खिळ्यासारखी कठीण, बोराएवढी गाठ. ती कापून काढून त्या जागी तापलेल्या स्नेहाने (तेलाने) डाग द्यावा, असा उपचार दिला आहे. चरकसंहितेत पादाभ्यंगाचे, म्हणजे पायांना तेल चोळण्याचे, गुण सांगताना खरखरीतपणा, ताठरपणा, बधिरता आणि पाय फुटणे यांना त्याने आळा बसतो असे म्हटले आहे.

वातकंटकाचा प्रश्न : आजच्या आयुर्वेदीय व्यवहारात ‘वातकंटक’ ही संज्ञा टाचदुखीला, विशेषतः टाचेच्या हाडाला आलेल्या काट्याला, सर्रास लावली जाते. ही जोडणी तपासून घ्यायला हवी. सुश्रुतसंहितेत (निदानस्थान, वातव्याधी) पाऊल वेडेवाकडे पडल्याने वायू ‘खडक’ या स्थानाच्या आश्रयाने वेदना करतो, असे लक्षण आहे. या शब्दाचा पाठ सर्वत्र सारखा मिळत नाही (खडक, खुडक, खलुक). अर्थाबाबतही दोन पक्ष आहेत. एक पक्ष पाय व पाऊल यांचा सांधा, म्हणजे घोटा, असा अर्थ घेतो, तर दुसरा टाच असा. वाग्भटाने अष्टांगहृदयात याच विकाराचे वर्णन करताना ‘गुल्फ’ हा निःसंदिग्ध शब्द वापरला आहे आणि गुल्फ म्हणजे घोटा. शिवाय ‘विषम न्यस्त पाद’ म्हणजे वाकडे पडलेले पाऊल, हे कारण घोटा मुरगळण्याला जसे चपखल बसते तसे सकाळी उठताच दुखणाऱ्या टाचेला बसत नाही. वाग्भटाने श्रम हे आणखी एक कारण दिले आहे. टाचेचा पक्ष मुख्यतः त्या एका शब्दावर आणि ‘कंटक’ म्हणजे काटा या अर्थसाम्यावर उभा आहे. क्ष-किरण चित्रात दिसणाऱ्या हाडाच्या काट्यामुळे हे साम्य विसाव्या शतकात आकर्षक वाटू लागले असावे. ग्रंथांतला कंटक काटा टोचल्यासारखी वेदना सांगतो. हाडाचा आकार ग्रंथकारांना दिसण्याचा मार्ग नव्हता.

चिखल्या : पावसाळ्यात भातलावणी करणारे, भाजी धुणारे, गोठ्यात काम करणारे आणि दिवसभर ओले बूट-मोजे घालणारे अशा सगळ्यांना हा विकार होतो. सर्वांच्या पायांत एकच कारण असते असे मात्र नाही. चिखलात उघड्या पायांनी राबणाऱ्यांच्या बेचक्यांत आधी त्वचा पाण्याने फुगून पांढरी पडते, सुटते आणि मग त्यात जीवाणू किंवा कॅन्डिडा जातीचे किण्व (यीस्ट) वाढते. बूट घालणाऱ्यांत त्वचा, केस आणि नखे यांवर वाढणाऱ्या, नायटा करणाऱ्या गटातली बुरशी अधिक आढळते. ट्रायकोफायटॉन रुब्रम ही त्यांतली मुख्य. कोरिनेबॅक्टेरियम मिनुटिसिमम या जीवाणूमुळे होणारा एरिथ्राझ्मा हुबेहूब चिखल्यांसारखा दिसतो. वुडच्या (अतिनील किरणांच्या) दिव्याखाली तो पोवळ्यासारखा लाल चमकतो, म्हणून ओळखता येतो.

ट्रायकोफायटॉन रुब्रमचे वर्णन आल्डो कास्तेल्लानी यांनी १९१० मध्ये केले. त्या काळात ते कोलंबोत काम करीत होते. ही बुरशी मुळात आग्नेय आशियातली, तेथील अनवाणी लोकांच्या अंगावर नायटा करणारी. वसाहतींतल्या बूट घालणाऱ्या युरोपीयांच्या पायांत तिला ऊब आणि ओल मिळाली आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, विशेषतः युद्धांमुळे, ती जगभर पसरली, अशी उपपत्ती बराच काळ मान्य होती. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांतून आफ्रिकेतल्या उगमाची शक्यताही पुढे आली आहे. उगमस्थानाविषयी मतभेद असले तरी प्रसारातला बुटांचा वाटा सहसा कोणी नाकारत नाही.

उपाय म्हणजे मुख्यतः कोरडेपणा. पाय धुऊन बेचक्या फडक्याने टिपून घ्याव्यात, शक्य तेव्हा उघड्या ठेवाव्यात, मोजे रोज बदलावेत. बुरशी असल्यास क्लोट्रिमॅझोल साधारण २ ते ४ आठवडे किंवा टर्बिनाफिन १ ते २ आठवडे लावतात. खाज थांबली म्हणून मलम लगेच सोडले की विकार उलटतो. मेंदीचा लेप खेड्यांत पूर्वापार लावला जातो. मेंदीतील लॉसोन हे द्रव्य प्रयोगशाळेत बुरशीला रोखते, पण प्रत्यक्ष पायावरचा पुरावा तुटपुंजा आहे. औषधदुकानात सहज मिळणारी, स्टेरॉइड मिसळलेली मलमे मात्र लावू नयेत. त्यांनी दोन दिवसांत बरे वाटते आणि बुरशी आत पसरत राहते. भारतातल्या हट्टी, औषधाला न जुमानणाऱ्या नायट्याच्या साथीमागे या मलमांचा हात आहे, असे त्वचारोगतज्ञ सांगतात. पूर्व विदर्भासारख्या हत्तीरोगाच्या प्रदेशात या साध्या विकाराला वेगळेच महत्त्व आहे. सुजलेल्या पायात जंतू शिरण्याची वाट बहुधा बेचकीतली चीर हीच असते. त्यामुळे अशा रोग्याने रोज बेचक्या धुऊन कोरड्या करणे हाच त्याच्या उपचाराचा कणा ठरतो.

भेगा : टाचेखाली मेदाची गादी असते. भार पडला की ती बाजूंना पसरते आणि कडेची जाड, कोरडी त्वचा ताण न सोसून तडकते. मागून उघडी पादत्राणे, थंडी, अनवाणी चालणे, लांब वेळ उभे राहणे, वाढलेले वजन, मधुमेह आणि अवटू (थायरॉइड) ग्रंथीची मंदता ही कारणे आहेत. सोरायसिस व जुना इसबही भेगांच्या रूपात दिसतो. तळहात-तळपाय दोन्हींना भेगा व आग असेल तर मराठीत ‘जळवात’ म्हणतात. त्या नावाखाली हे त्वचाविकार तर येतातच, शिवाय मधुमेहाने किंवा ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारी मज्जातंतूंची आगही येते. ज्याची त्वचा नितळ आहे आणि तळवे तरी जळतात, त्याला मलमाने गुण येणार नाही.

पाय १०-१५ मिनिटे कोमट पाण्यात ठेवून वजरीने मऊ झालेला थर हलकेच घासावा आणि ओल असतानाच पेट्रोलियम जेली किंवा युरियायुक्त मलम लावून मोजे घालावेत. १० ते २५ टक्के युरिया त्वचेत पाणी धरून ठेवतो आणि जाड थर सैल करतो. कोकणात व गोव्यात यासाठी कोकमाच्या बियांचे तेल (गोव्यात भिरंडेल) वापरतात. ते सुमारे ४० अंश सेल्सियसला वितळते, म्हणून घरात वडीसारखे घट्ट राहते. गरम करून भेगेत भरले की तिथेच गोठते आणि भेग झाकली जाते. वरून पाणी न जाणारा हा थर हेच त्याच्या गुणाचे कारण असावे. भेगांत बिब्बा घालण्याची रीत मात्र धोक्याची आहे. बिब्बा आंबा-काजूच्या कुळातला. त्याचे तेल कातडी जाळते आणि ‘बिब्बा उतला’ की फोड, सूज अंगभर येऊ शकते. काशाच्या वाटीने तळवे घासल्यावर येणारा काळेपणा शरीरातली उष्णता निघाल्याचे चिन्ह मानतात. तो बहुधा धातू, तूप आणि घाम यांच्या अभिक्रियेतून येतो. तूप चोळण्याचा मऊपणा आणि आराम खरा आहे.

कुरूप : एकाच जागी दाब व घर्षण होत राहिले की त्वचा जाड होते. पसरट असेल तर घट्टा आणि मध्यभागी आत जाणारा खिळा असेल तर कुरूप. भोवरी हा शब्द दोन्हींसाठी ऐकू येतो. विषाणूमुळे होणारी तळव्याची चामखीळ आणि मोडलेल्या काट्याभोवतीची गाठ यांनाही लोक कुरूपच म्हणतात. फरक असा : कुरूप वरून सरळ दाबले की दुखते, चामखीळ दोन बोटांच्या चिमटीत धरून दाबली की अधिक दुखते. चामखिळीवर त्वचेच्या रेषा तुटतात आणि वरचा थर खरवडला की काळे ठिपके दिसतात. आधुनिक ग्रंथ कुरुपाचे कारण दाब एवढेच देतात. काटा हे कारण सुश्रुतसंहितेत दिलेले आहे ते चुकले, असे म्हणण्याची घाई करू नये. बाभळीच्या रानातून अनवाणी हिंडणाऱ्यांच्या पायात रुतून राहिलेल्या काट्याची गाठ ‘कदर’ या नावाखाली मोजली गेली असणे अगदी संभवनीय आहे.

सॅलिसिलिक आम्लाच्या पट्टीने (कॉर्न कॅप) खिळा मऊ होऊन निघतो, पण दाब तसाच राहिला तर तो पुन्हा येतो. चप्पल बदलणे किंवा दाबाच्या जागेभोवती मऊ कडे बसवणे हा खरा उपाय. घरी ब्लेडने कापणे टाळावे. मधुमेह्याने ही पट्टीही लावू नये.

टाचदुखी : सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताच टाचेखाली कळ येते, चार पावले चालल्यावर ती कमी होते आणि दिवसअखेर पुन्हा वाढते. हे लक्षण टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत ताणलेल्या तळव्याच्या पट्ट्याच्या दुखण्याचे. अंगठा वर उचलला की हा पट्टा रहाटाच्या दोरासारखा ताठ होऊन पावलाची कमान उचलतो. ही यंत्रणा हिक्स यांनी १९५४ मध्ये मांडली. दुखण्याला ‘दाह’ म्हणण्याची रीत आहे, परंतु २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऊतक-तपासणीत दाहापेक्षा तंतूंची झीज दिसली. हाडाचा काटा अनेक न दुखणाऱ्या टाचांतही असतो, तेव्हा तो काढून टाकण्याचा आग्रह सहसा अनाठायी. कठीण फरशीवर अनवाणी उभे राहणे, वाढलेले वजन, पोटरीचा ताठरपणा आणि अचानक वाढवलेले चालणे ही कारणे आहेत.

उठण्यापूर्वी पायाची बोटे हाताने नडगीकडे ओढून १० सेकंद धरावीत, असे दहा वेळा करावे. पोटरी ताणावी, घरातही मऊ चप्पल घालावी. गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवल्याने तात्पुरता आराम पडतो. बहुतेक रोगी वर्षभरात शस्त्रक्रियेविना बरे होतात. हे रोग्याला आधीच सांगितले तर तो महिन्याभरात धीर सोडून पाचवा उपाय शोधत फिरत नाही.

पादत्राणे : अंगठा इतर बोटांकडे वळून सांध्याचे हाड बाहेर येणे, हा विकार निमुळत्या बुटांशी जोडला जातो. हाँगकाँगमधील १९५८ च्या पाहणीत बूट घालणाऱ्यांत तो ३३ टक्के, तर अनवाणी राहणाऱ्यांत सुमारे २ टक्के आढळला. आनुवंशिकताही त्याला कारण असते. मणिपाल येथील राव आणि जोसेफ यांनी २,३०० मुलांच्या पाहणीत (१९९२) सपाट पाऊल बूट घालणाऱ्यांत ८.६ टक्के व अनवाणी मुलांत २.८ टक्के नोंदवले. नवी चप्पल ‘चावते’ तेव्हा येणारा फोड घर्षणाच्या सरकत्या ताणाने येतो. आळंदीहून पंढरपूरला सुमारे तीन आठवडे चालत जाणाऱ्या वारकऱ्यांना तो चांगला परिचयाचा आहे. फोडाची साल सोलू नये. तीच उत्तम पट्टी असते.

संवेदना गेलेले पाऊल : मधुमेह व कुष्ठरोग यांत वेदना नाहीशी होते आणि खडा, खिळा, घट्टा यांची जखम कळत नाही. वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या पायांवर काम करताना दाखवून दिले की मांस आपोआप झडत नाही. न कळलेल्या दाबाने जखम होत जाते. सूक्ष्मछिद्री रबराच्या चपला त्याच कामाशी निगडित आहेत. अशा रोग्याने रोज संध्याकाळी आरशात तळवे पाहावेत, चप्पल घालण्याआधी आत हात फिरवावा, गरम पाण्यात पाय घालण्यापूर्वी पाणी कोपराने तपासावे.

तळव्याला सूज, अनेक छिद्रे आणि त्यांतून काळे किंवा पांढरे कण येत असतील तर तो मदुरा पाय (मायसेटोमा) असू शकतो. हे शास्त्रीय नाव मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी १८६० च्या सुमारास दिले. त्याला घरगुती उपाय नाही.

नख रुतणे : अंगठ्याचे नख कोपऱ्यांत गोल कापल्याने आणि घट्ट बुटाने होते. नख सरळ कापावे, कोपरे मांसाबाहेर राहू द्यावेत. पू झाला असेल तर डॉक्टरांकडून नखाची कड काढून घ्यावी.