पार्श्वभूमी : छतावरच्या युनिटाचा हिशेब

घरावर सौर पॅनेल बसवण्याची चर्चा बहुतेक वेळा 78,000 रुपयांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. केंद्राच्या सध्याच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेतली ही अनुदानाची कमाल मर्यादा. महाराष्ट्रात गेली दहा वर्षे खरी भांडणे मात्र वेगळ्याच गोष्टीवरून झाली. दुपारी छतावर तयार झालेले युनिट रात्री वापरलेल्या युनिटाशी वळते करायचे का, आणि कोणत्या भावाने? अनुदान एकदाच मिळते. हे वळते करणे पंचवीस वर्षे चालू राहायचे असते.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. घरगुती सौर म्हणजे गच्चीवरचा पाणी तापवायचा बंब, अशीच बरीच वर्षे समजूत होती. पुण्यात त्यासाठी मिळकतकरात सवलतही मिळत आली आहे. 2010 च्या राष्ट्रीय सौर अभियानाचे लक्ष्य 2022 पर्यंत 20 गिगावॉट इतके होते. 2015 मध्ये ते 100 गिगावॉट झाले आणि त्यातले 40 छतांवर यायचे ठरले. छते मागेच राहिली. तेव्हा अनुदान मानक, म्हणजे सरकारने ठरवलेल्या, किमतीच्या 30 टक्के होते. छतावरच्या सौर कार्यक्रमाच्या 2019 मधल्या दुसऱ्या टप्प्यात ते 3 किलोवॉटपर्यंत 40 टक्के आणि त्यावर 10 किलोवॉटपर्यंत 20 टक्के झाले. टक्केवारीत एक खोट होती. दर ठरायचा निविदेतून, सर्वांत कमी बोलीवर, आणि त्या दरात काम करायला विक्रेते नाखूश असायचे. मग ‘स्ट्रक्चर (पॅनेलखालचा सांगाडा) उंच हवे तर वेगळे पैसे’ हे वाक्य ठरलेले. अनुदानाच्या अर्जांसाठीच्या 2022 च्या राष्ट्रीय पोर्टलपासून टक्केवारी जाऊन ठोक रक्कम आली: आधी किलोवॉटला 14,588 रुपये, जानेवारी 2024 मध्ये 18,000. महिनाभरातच, फेब्रुवारी 2024 मध्ये, आजची योजना आली. त्यात पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी 30,000, तिसऱ्याला 18,000 आणि पुढे काही नाही. भाव विक्रेत्याशी घासाघीस करून ठरवायचा आणि अनुदान थेट ग्राहकाच्या खात्यात.

याच काळात दुसऱ्या हाताने काय घेतले गेले, हेही पाहावे लागते. एप्रिल 2022 पासून आयात पॅनेलवर 40 टक्के सीमाशुल्क लागले. अनुदान हवे असेल तर सेल (पॅनेलमधले वीज तयार करणारे तुकडे) आणि पॅनेल दोन्ही देशी असणे बंधनकारक. अशी पॅनेल वॅटमागे आठ-दहा रुपयांनी महाग पडत असल्याचे 2024-25 मध्ये सर्रास दिसत होते, म्हणजे 3 किलोवॉटला 24 ते 30 हजार. ऑक्टोबर 2021 मध्ये साहित्यावरचा जीएसटी 5 वरून 12 टक्के झाला. 70 टक्के साहित्य आणि 30 टक्के काम या ठरलेल्या विभागणीने एकूण कर 13.8 टक्के पडायचा. सप्टेंबर 2025 मध्ये साहित्यावरचा दर पुन्हा 5 टक्क्यांवर आल्यावर तो 8.9 टक्के झाला. जुनी कोटेशन घेऊन बसलेल्यांनी हा फरक मागून घ्यावा.

आता मूळ मुद्दा. नेट मीटरिंग, नेट बिलिंग आणि ग्रॉस मीटरिंग हे तीन शब्द विक्रेतेही सरमिसळ करून वापरतात. नेट मीटरिंगमध्ये युनिटातून युनिट वजा होते; दिलेल्या युनिटाची किंमत घेतलेल्या युनिटाइतकीच. नेट बिलिंगमध्ये घेतलेली वीज किरकोळ दराने आणि दिलेली वीज घाऊक दराने मोजली जाते, वजाबाकी रुपयांत होते. ग्रॉस मीटरिंगमध्ये छतावरची सगळी वीज आधी विकायची आणि घराला लागणारी सगळी विकत घ्यायची. पॅनेल तेच, ऊन तेच, पण पैसे वसूल व्हायचा काळ दुप्पट होऊ शकतो.

राज्यात वीज नियामक आयोगाच्या सप्टेंबर 2015 च्या नियमांनी नेट मीटरिंग आणले. ऑक्टोबर 2019 मध्ये आलेल्या नव्या मसुद्यात मात्र महिन्याला 300 युनिटांपर्यंतच्या घरगुती ग्राहकांनाच ते ठेवून बाकीच्यांना नेट बिलिंगकडे ढकलण्याचा प्रस्ताव होता. वितरण कंपनीचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. आपल्याकडे मोठे वापरकर्ते चढा दर भरतात आणि त्यातून लहान ग्राहकांचा दर सावरला जातो. तेच छतावर गेले, तर तारा, रोहित्रे आणि रात्रीची वीज यांचा खर्च कोणावर पडणार? पण हरकतींचा ढीग पडला आणि डिसेंबर 2019 च्या अंतिम नियमांत नेट मीटरिंग टिकले. ग्रीड सहाय्य आकार, म्हणजे ग्रीडच्या वापरापोटी सौर ग्राहकाकडून घ्यायचे पैसे, तूर्त लावायचा नाही, असेही ठरले. वर्षभराने केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत 10 किलोवॉटच्या वर ग्रॉस मीटरिंग आले. जून 2021 मध्ये दुरुस्ती होऊन ही मर्यादा 500 किलोवॉट किंवा मंजूर भार (जोडणीवर मान्य झालेला कमाल वापर), यांतले जे कमी असेल तिथे गेली. दोन वर्षांत दोनदा पुढे टाकलेले पाऊल मागे घेतले गेले.

तिसरा प्रयत्न दारातून आला नाही, खिडकीतून आला. 2015 च्या नियमांतले एक कलम तेव्हा कोणी फारसे वाचले नव्हते. टीओडी, म्हणजे वेळेनुसार दर लागू असलेल्या ग्राहकाची शिल्लक युनिट आधी त्याच वेळेच्या वापरातून वजा करायची. उरली तर ती ऑफ-पीक, म्हणजे कमी मागणीच्या, वेळेत दिली असे समजायचे. तेव्हा ऑफ-पीक म्हणजे रात्री 10 ते सकाळी 6 आणि घरगुती ग्राहकांना टीओडी नव्हते, त्यामुळे कोणाचे काही अडले नाही. वितरण कंपनीच्या जानेवारी 2025 च्या दरप्रस्तावात सकाळी 9 ते संध्याकाळी 5 हीच वेळ ऑफ-पीक करण्याचे आणि स्मार्ट मीटर असलेल्या घरांनाही टीओडी लावण्याचे सुचवले गेले. नियमातला एक शब्दही न बदलता अर्थ उलटला असता. दुपारची शिल्लक दुपारीच संपवायची आणि संध्याकाळच्या दिवे-पंखे-एसीचे बिल पूर्ण भरायचे. नाव नेट मीटरिंगच राहिले असते. पुन्हा हरकती आल्या. आयोगाचा 28 मार्च 2025 चा दरनिर्णय लागू होता होताच स्थगित झाला आणि सुधारित निर्णय जूनच्या अखेरीस येऊन 1 जुलैपासून अमलात आला. ज्यांच्याकडे स्मार्ट मीटर बसले आहे त्यांनी बिलावरचे वेळनिहाय रकाने आणि आयात, निर्यात, मागील शिल्लक हे तीन आकडे दर महिन्याला ताडून पाहावेत. चूक झाली तर ती बहुधा ‘मागील शिल्लक’च्या रकान्यात असते.

हा वाद इतका का पेटतो, ते दरांच्या पायऱ्यांवरून कळते. 2024-25 मध्ये राज्याच्या मोठ्या भागात वहन आकारासह (वीज घरापर्यंत वाहून आणण्याचे पैसे धरून) पहिल्या 100 युनिटांचा दर सहा रुपयांच्या किंचित खाली होता आणि 101 ते 300 चा साडेअकराच्या आसपास. सौर वीज बिल वरच्या पायरीकडून खात येते. एक किलोवॉट महिन्याला सरासरी 120 युनिट देतो असे धरू. 300 युनिटांच्या घरात पहिल्या किलोवॉटने महिना सुमारे 1,375 रुपये वाचतात, वर वीज शुल्क वाचते ते वेगळे. दोन किलोवॉटनंतर उरतात 60 युनिट, तीही स्वस्त पायरीवरची. म्हणजे तिसरा किलोवॉट वाचवणार साडेतीनशे रुपये आणि त्याला अनुदानही कमी. तरीही विक्रेता तीनच सुचवतो, कारण 78,000 चा आकडा तिथे पूर्ण होतो. वापर 350 च्या पुढे असेल किंवा एसी, विजेची दुचाकी येणार असेल तर तीन घ्यावेत. नाहीतर दोन पुरे. स्थिर आकार कशानेही शून्य होत नाही.

आणखी एक गोष्ट हिशेबात धरली जात नाही. महिन्यामागून महिना पुढे ओढल्या जाणाऱ्या शिल्लक युनिटांचे वर्ष 31 मार्चला संपते. जानेवारी ते मार्च ऊन चांगले आणि वापर कमी, म्हणून शिल्लक साठते आणि वर्षअखेरीस आयोगाने ठरवलेल्या कमी दराने विकली जाते. लगेच एप्रिल-मेचा उकाडा, मग पावसाळा, ज्यात ढगाळ आठवड्यांत उत्पादन निम्म्यावर येते. खाते नेमके गरजेच्या तोंडावर कोरे होते. मोठा संच घेऊन ‘वीज विकू’ म्हणणाऱ्यांचा हिरमोड इथेच होतो.

कागदपत्रांतली अडचण जुनीच आहे. वीजजोडणी आजोबांच्या नावावर आणि बँक खाते नातवाचे, यात अनुदान अडकते. नावबदल आधी करून घ्यावा. फेब्रुवारी 2024 च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर 10 किलोवॉटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यता मान्य धरली जाते आणि मंजूर भार वाढवायचा असल्यास तो वितरण कंपनीनेच वाढवायचा आहे. पण सिंगल फेजचे थ्री फेज झाले की स्थिर आकार कितीतरी वाढतो, तो आधी विचारावा. आणि वीज गेली की बिनबॅटरीचा संचही बंद पडतो. लाइनमनच्या जिवासाठी इन्व्हर्टर तसाच बनवलेला असतो, त्यात बिघाड नाही.

पायऱ्यांच्या याच गणिताने महिन्याला 100 युनिटांच्या आत वापर असलेली घरे इतकी वर्षे बाहेर राहिली. त्यांचे वाचणारे युनिट सर्वांत स्वस्त, आणि एक किलोवॉटची किंमत मात्र सगळ्यांना सारखीच. 2025 च्या अखेरीस राज्याने त्यांच्यासाठी वेगळी भर घातली. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला एका किलोवॉटसाठी केंद्राच्या 30,000 वर राज्याचे 17,500 मिळतात, म्हणजे 50,000 च्या मानक किमतीत त्याचा वाटा 2,500 रुपये. दोन्ही योजनांची मुदत मार्च 2027 पर्यंत आहे.