मासळीची आवक आणि मासळीचा साठा: मिरजेच्या बाजारातून समुद्राकडे बघताना

"काय न्हाई दादा, समुद्रात मासाच ऱ्हायला न्हाई."

मिरजेच्या बाजारात मावशींनी थर्माकोलच्या खोक्यातला बर्फ हाताने बाजूला सारत हे सांगितलं, तेव्हा खाली जेमतेम दोन ओळी बांगडे होते. पुढच्याच महिन्यात त्याच मावशी म्हणाल्या, "घ्या की, लय मासा आलाय." महिन्याभरात समुद्र रिकामा होऊन परत भरत नसतो. मावशी सांगत होत्या ती आवक, म्हणजे बाजारात आलेला मासा, आणि मी समजत होतो तो साठा, म्हणजे समुद्रात असलेला मासा. आमच्या दोघांपुरता हा घोटाळा बाजारात विरून जातो. धोरण ठरवणाऱ्यांच्या टेबलावर झाला, तर मात्र हजारो घरांच्या चुली विझतात.

सांगलीकराला हा फरक हळदीवरून लगेच कळेल. मार्केट यार्डात आज उतरली ती आवक. हरिपूरच्या पेवांत जमिनीखाली पडून असायची तो साठा. भाव चढला की पेवं फोडायची आणि यार्डात पोत्यांच्या थप्प्या लागायच्या. म्हणजे ज्या दिवशी आवक दणक्यात, त्याच दिवशी साठा खाली चाललेला. २००५ च्या महापुराने ही पेवं बुडवली, पण हा हिशेब जुन्या अडत्यांच्या डोक्यात अजून पक्का आहे.

मासळीचं पेव मात्र दोन बाबतींत निराळं. त्यात कंदील घेऊन उतरता येत नाही. आणि ते आपलं आपण भरतं, कारण आत राहिलेला मासा अंडी घालतो. म्हणून तिथे "किती काढलं" यापेक्षा "भरण्यासाठी किती मागे ठेवलं" हा प्रश्न मोठा.

आवक मोजणं कष्टाचं, पण समजायला सोपं. भारताच्या किनाऱ्यावर मासळी उतरवण्याची १,२०० हून अधिक केंद्रं आहेत. कोचीच्या केंद्रीय समुद्री मत्स्यसंशोधन संस्थेची माणसं ठरलेल्या पद्धतीने त्यांतली काही निवडतात, त्या दिवशी लागलेल्या नौकांचा माल नोंदवतात आणि त्यावरून राज्याचा, देशाचा अंदाज काढतात. वर्तमानपत्रात "मासळी उत्पादन" म्हणून छापून येतो तो बहुतेक वेळा हाच आकडा.

तो आकडा कसा फसवतो, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २०१९ म्हटलं की आपल्याला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलेली कृष्णा आठवते. त्याच वर्षी अरबी समुद्रात वायू, हिक्का, क्यार, महा अशी एकामागून एक वादळं उठली. महाराष्ट्राची समुद्री मासळी २०१८ मध्ये २.९५ लाख टन होती, ती २०१९ मध्ये २.०१ लाख टनांवर आली. ४५ वर्षांतली सर्वांत कमी. पण ऐन हंगामात नौका बंदरात बांधून पडल्या होत्या. जाळंच पाण्यात गेलं नाही, तर मासा येणार कुठून? नुसत्या या घसरणीवरून समुद्रातला मासा तेवढाच घटला असं म्हणणं म्हणजे पुरात यार्ड बंद राहिलं म्हणून हळद पिकलीच नाही असं म्हणणं.

उलटी फसगत याहून भयंकर, कारण ती दिसतच नाही. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडचा कॉड मासा हा त्या किनाऱ्याचा जीव की प्राण. १९६८ मध्ये तिथून सुमारे ८ लाख टन कॉड निघाला होता. पुढे १९८० च्या दशकात किनाऱ्याजवळ छोट्या होड्यांवर मासेमारी करणारे सांगू लागले की मासा कमी होतोय, बारीक होतोय. खोल समुद्रातल्या मोठ्या ट्रॉलरना, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या नौकांना, मात्र चांगला माल मिळत होता. साठ्याचा अंदाज बांधताना या ट्रॉलरच्या मिळकतीवर जास्त भिस्त ठेवली गेली. झालं असं होतं, की उरलेला कॉड थव्याने एकत्र गोळा होत होता आणि ट्रॉलर यंत्रांच्या मदतीने नेमका तोच थवा गाठत होते. पेवाच्या तळाशी उरलेली हळद एका कोपऱ्यात लोटून पोती भरावीत, तसं. जुलै १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३०,००० माणसांचा रोजगार गेला. त्या छोट्या होडीवाल्यांचं ऐकलं असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मग न दिसणारा साठा ओळखायचा कसा? पहिली गोष्ट, आवकेला मेहनतीने भागायचं. शंभर किलो मासा आला हे अर्धंच झालं. तो एका दिवसाच्या फेरीत आला की दहा दिवसांच्या, जाळं किती तास ओढलं, इंजिन केवढं होतं, हे विचारायचं. आवक तेवढीच आणि तास दुप्पट, तर साठा खाली गेल्याचा संशय घ्यायलाच हवा. कॉडने शिकवलं की हेही पुरत नाही. म्हणून बाजाराशी संबंध नसलेली सर्वेक्षण जहाजं लागतात. ती मासा जिथे दाट तिथेच न जाता ठरवलेल्या ठिकाणी जाळं टाकतात. आपल्याकडे मुंबईला मुख्यालय असलेली भारतीय मत्स्य सर्वेक्षण ही संस्था हे काम करते.

दुसरी गोष्ट मला जास्त भावते, कारण ती थेट माशालाच विचारायची असते. बंदरावर संशोधक फळीवर मासा आडवा ठेवून लांबी घेतात, पोट फाडून अंड्यांची गाबोळी किती भरली आहे ते बघतात. ढोम्याचं डोकं चोखताना दाताखाली पांढरा खडा येतो ना, ते त्याच्या कानातलं हाडूक. त्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात आणि त्यावरून वय काढता येतं. आपल्या उबदार पाण्यात ही वर्तुळं नीट उमटत नाहीत, म्हणून इथे लांबीवर भर. दर महिन्याला हजारो मासे मोजले की वाढीचा वेग कळतो आणि मोठे मासे किती उरलेत तेही कळतं. यात्रेत सगळीकडे पोरंच पोरं आणि म्हातारं माणूस एकही नाही, असं दिसलं तर त्या गावात काहीतरी बिनसलंय हे शिरगणती न करताही समजतं.

अशा पद्धतीने २०२२ मध्ये देशातले १३५ साठे तपासले गेले आणि त्यांतले ९१.१ टक्के टिकाऊ स्थितीत, म्हणजे मासेमारी चालू राहूनही टिकतील असे, निघाले. १३५ साठे म्हणजे १३५ जाती नव्हेत. एकाच जातीचा मासा वेगवेगळ्या किनाऱ्यांवर वेगळा साठा म्हणून धरतात. निकाल दिलासा देणारा आहे, पण गाफील राहण्यासारखा नाही. केरळात तारली २०१२ मध्ये सुमारे ४ लाख टन मिळाली होती, २०२१ मध्ये ३,२९७ टन. तिथे समुद्राचं बदललेलं तापमानही कारण होतं. साठा कशानेही खाली जावो, त्या काळात जाळं आवरावंच लागतं.

हा फरक कळला की पावसाळी बंदीचा अर्थही लागतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद ठेवण्याचा नियम आहे. मिरजेत तेव्हा समुद्राची मासळी दिसेनाशी होते आणि आपण कटला-रोहूवर भागवतो. आवक तळाला, आणि तिकडे बऱ्याच जाती अंडी घालत असतात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली, तीही साठ्यासाठीच.

परवा मावशींचं खोकं काठोकाठ भरलं होतं. मी एक बांगडा वितीला लावून पाहिला, तर करंगळीकडे चांगली तीन-चार बोटं मोकळी राहिली. बांगडा साधारण १८-१९ सेंटिमीटरचा झाला की पहिल्यांदा अंडी धरतो. हा तिथवर पोचला नव्हता. "गाबोळीवाला न्हाई मिळायचा यात," मावशी म्हणाल्या, आणि खोक्याच्या तळातून जरा मोठे असतील ते शोधू लागल्या.