कोल्डिट्झ : ‘विशेष छावणी’ म्हणजे नेमके काय?

जर्मनीतल्या सॅक्सनीत मुल्ड नदीकाठच्या कड्यावर कोल्डिट्झचा किल्ला उभा आहे. मूळचा हा राजघराण्याचा वाडा. पुढे १८२९ पासून जवळजवळ शतकभर तिथे मनोरुग्णालय होते, तर १९३३ मध्ये नाझी राजवटीने आपल्या विरोधकांना तिथे डांबले. दुसऱ्या महायुद्धात तो युद्धकैदी अधिकाऱ्यांची छावणी झाला: पोलंड पडल्यावर पकडलेले पोलिश अधिकारी आले, १९४० अखेरीस ब्रिटिश, मग फ्रेंच, बेल्जियन आणि डच.

छावणीचे अधिकृत नाव ओफ्लाग चार-सी. ओफ्लाग म्हणजे अधिकाऱ्यांची छावणी, चार हा ड्रेस्डेनच्या लष्करी विभागाचा क्रमांक. इथवर गुंता नाही. गुंता आहे तो ‘झोंडरलागर’, म्हणजे विशेष छावणी, या शब्दात. पळून जाताना सापडलेल्या अधिकाऱ्यांना एकाच ठिकाणी कडक पहाऱ्यात ठेवायचे, असा तो निर्णय. युद्धकैद्यांच्या वागणुकीविषयीच्या १९२९ च्या जिनिव्हा कराराचे ४८ वे कलम पलायनाबद्दल शिक्षा भोगलेल्यांवर खास पाळत ठेवू देते, मात्र कराराने दिलेल्या बाकीच्या हमींना धक्का न लावता. जर्मन बाजू याच कलमावर बोट ठेवायची. पण इथे केवळ पळपुटे नव्हते, ‘जर्मनद्वेष्टे’ असा शिक्का बसलेलेही होते. माणूस शत्रूचा द्वेष करतो एवढ्यावरून त्याला वेगळे काढायला त्या कलमात काडीचाही आधार नाही. माझ्या मते हा निर्णय लंगडा पडतो तो इथेच.

ब्रिटिश सैन्यातला एक बंगाली डॉक्टर याचे उदाहरण. जर्मनांना तो आपल्या बाजूने हवा होता, त्याने नकार दिला; आणि सोबतचे गोरे अधिकारी त्याच्याकडे संशयाने पाहत. पलायनात त्याला सामील करून घेतले नाही. शेवटी भारतीयांच्या छावणीत पाठवा, या मागणीसाठी त्याने उपोषण केले, बदली मिळवली, फ्रान्समधून निसटला आणि स्वित्झर्लंड गाठले. कोल्डिट्झच्या शौर्यकथांत त्याला फार उशिरा जागा मिळाली, हे खटकते.

पळण्यातले सगळे डोकेबाज एकाच छताखाली आणल्याचा परिणाम उलटाच झाला. फ्रेंचांनी प्रार्थनाघराखालच्या जाड ओक तुळया जेवणाच्या सुऱ्यांपासून केलेल्या करवतींनी कापल्या. चव्वेचाळीस मीटरचे त्यांचे भुयार जानेवारी १९४२ मध्ये सापडले.

१९४३ मध्ये इतर देशांचे बहुतेक कैदी हलवले गेले आणि किल्ला मुख्यतः ब्रिटिश व राष्ट्रकुलातल्या अधिकाऱ्यांचा उरला. मार्च १९४४ मध्ये सागानच्या दुसऱ्या एका युद्धकैदी छावणीतून ७६ जण पळाले, त्यातल्या पन्नास जणांना पकडून गोळ्या घातल्या गेल्या. सापडलो तर फार तर तीस दिवस कोठडी, हा भरवसा तिथेच संपला. तरीही कोल्डिट्झच्या माळ्यावर पलायनासाठी लाकडी ग्लायडर बांधायचे काम चालले. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी सैन्य आले, तेव्हा ते अजून न उडता तिथेच होते.