विदर्भात बर्फ? हो, होता

‘हिमालय सोडला तर आपल्या देशात कधीच बर्फ नव्हता, इथलं हवामान पहिल्यापासून उष्णच’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. चंद्रपूरचा मे महिना सोसलेल्याला तो खरा वाटणं साहजिक आहे.

पण त्याच चंद्रपूरजवळ इरई इथे चुनखडीच्या जुन्या खडकावर समांतर ओरखडे आहेत. सरकत्या हिमनदीच्या तळात अडकलेल्या दगडांनी ते ओढले. वरच्या थरात बारीक मातीत मोठाले धोंडे रुतलेत, काहींच्या बाजू घासून सपाट झाल्यात. वाहतं पाणी दगड गोल करतं आणि लहानमोठे वेगळे टाकतं. बर्फ सगळं एकत्र आणून सोडतो.

मग तिथे उंच डोंगर असतील? तेवढ्याने भागत नाही. छत्तीसगडमध्ये मनेंद्रगडला याच काळातल्या थरांत समुद्री शिंपले मिळतात, म्हणजे बर्फ समुद्रसपाटीच्या आसपास होता. सुमारे 29 कोटी वर्षांपूर्वी भारत गोंडवन या महाखंडात, दक्षिण ध्रुवाकडे होता. खडक बनताना त्यातले चुंबकीय कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेत स्थिरावतात; इथल्या खडकांत त्यांचा तीव्र कलही तेच सांगतो. विषुववृत्ताजवळ तो जवळपास आडवा असतो.

बर्फ ओसरल्यावर ग्लॉसोप्टेरिसची जंगलं वाढली, त्यांतूनच इथला कोळसा झाला. जिभेच्या आकाराच्या त्या पानांचे ठसे अंटार्क्टिकातही सापडतात.