अपडेट कायमचं बंद केलं म्हणजे कॉम्प्युटर चांगला राहतो? नाही भो!

आपल्या जळगाव-भुसावळकडे कॉम्प्युटर फॉरमॅट करून आणला की बऱ्याचदा विंडोज अपडेट बंद करूनच देतात, वरून सांगतात की अपडेटनेच मशीन स्लो होते, चालू करूच नका. वर्षानुवर्षं हेच चाललंय आणि ते चुकीचं आहे.

नवीन अपडेटने कधी प्रिंटर बंद पडतो, लोक वैतागतात, ते खरंय, म्हणून आठ-दहा दिवस थांबलात तर मला काही वावगं वाटत नाही. त्यासाठी सेटिंगमधे पॉजचा ऑप्शन आहे, 5 आठवड्यांपर्यंत थांबवता येतं, मग मात्र पेंडिंग अपडेट घ्यावेच लागतात. पण थांबवणं वेगळं अन् कायमचं बंद करणं वेगळं.

2017 चं वानाक्राय आठवतंय का? सगळ्या फाइली लॉक करून बिटकॉइन मागणारं व्हायरससारखं सॉफ्टवेअर होतं ते. विंडोजमधल्या ज्या होलमधून ते घुसलं त्याचा पॅच, म्हणजे ते होल बुजवणारं अपडेट, मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिला होता आणि हल्ला झाला 12 मेला, म्हणजे जवळजवळ दोन महिने हातात होते, तरी 150 च्या वर देशांत कॉम्प्युटर अडकले, कारण पॅच टाकलेलाच नव्हता! घरच्या कॉम्प्युटरवर पोरांचे फोटो, शेताचे कागद असतात हो, ते गेले तर कुठून आणणार?

खेड्यावर हॉटस्पॉटवर नेट वापरत असाल तर त्या कनेक्शनला सेटिंगमधे मीटर्ड (म्हणजे डेटा मोजका असलेलं) करा, बरेचसे अपडेट आपोआप डाउनलोड होणार नाहीत. आणि लाइट जायच्या टायमाला इन्स्टॉल लावू नका.