गाईडला भेटणं वेगळं, परदेशी प्रोफेसरला लिहिणं वेगळं

एमएस्सी किंवा एमए झालं, पीएचडी करायची म्हटलं की बेळगाव, खानापूर, निपाणीकडं पहिला सल्ला मिळतो तो 'आधी गाईड बघ', म्हणजे पीएचडीचा मार्गदर्शक शोध, हाच. सल्ला बरोबर आहे. पण भूतरामनहट्टीच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात, धारवाडला किंवा कोल्हापूरला गाईड बघणं हे एक काम आणि कॅनडा, जर्मनी, अमेरिकेतल्या प्रोफेसरला ईमेल लिहिणं हे दुसरं. एकासाठी तयार केलेला मजकूर दुसऱ्याला पाठवला तर बहुतेक वेळा उत्तरच येत नाही.

मूळ फरक असा: जागा कोणाच्या हातात आहे आणि पैसा कोण आणतो?

आपल्याकडं जागा मोजलेल्या असतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022च्या नियमांप्रमाणे प्रोफेसरकडं एका वेळी 8, असोसिएट प्रोफेसरकडं 6 आणि असिस्टंट प्रोफेसरकडं 4 विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला 3 वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेताच येत नाही. त्यामुळं सरांचा विषय कितीही जुळत असला तरी पहिला प्रश्न 'जागा रिकामी आहे का, आणि नसेल तर कधी होईल' हाच. तो संकोच न करता विचारावा, कुणाला राग येत नाही. दुसरी बाजू पात्रतेची. पदव्युत्तरला 55 टक्के लागतात (राखीव प्रवर्गांना 5 टक्क्यांची सवलत आहे), आणि नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. जून 2024च्या सत्रापासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) नसलेल्या दोन गटांना प्रवेशात नेटच्या गुणांचं वजन 70 टक्के आणि मुलाखतीचं 30 टक्के, आणि हे गुण पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. जेआरएफ मिळाली तर सुरुवातीला महिन्याला 37,000 रुपये आणि घरभाडे भत्ता, म्हणजे पैसा तुमच्याबरोबरच येतो. जेआरएफवाल्या विद्यार्थ्याशी गाईड जास्त उत्साहानं बोलतात ते उगीच नाही.

म्हणून इथं प्रत्यक्ष भेट चालते, नव्हे, तीच अपेक्षित असते. विभागात फोन करून वेळ घ्यावी. जाताना दोन-तीन पानी सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा), मार्क्सकार्डांची झेरॉक्स आणि नेट किंवा के-सेटचा (कर्नाटकच्या राज्य पात्रता परीक्षेचा) निकाल बरोबर असावा. त्याआधी शोधगंगा या संकेतस्थळावर त्या गाईडच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध बघावेत: कोणत्या विषयांवर आहेत, कोणत्या पद्धतीनं केले आहेत. चिकोडी-अथणीच्या उसाच्या क्षारपड जमिनींवर काम करायचं असेल आणि गाईडचे सगळे प्रबंध औषधी वनस्पतींवर असतील, तर विषय बदलावा किंवा गाईड बदलावा. गाईडनी तोंडी होकार दिला, संमतीपत्रावर सही केली, तरी तो प्रवेश नव्हे. निवड विद्यापीठाच्या मुलाखतीतून होते आणि गाईडची नेमणूक विभाग करतो. पेढे वाटायची घाई इथंच नडते.

परदेशात पैसा बहुतेक वेळा प्रोफेसरच्या संशोधन अनुदानातून किंवा विभागाच्या असिस्टंटशिपमधून (शिकवण्यात किंवा संशोधनात मदत केल्याबद्दलच्या मानधनातून) येतो. एक विद्यार्थी घ्यायचा म्हणजे चार-पाच वर्षांचा खर्च आपल्या अंगावर, असा हिशोब समोरच्याच्या डोक्यात असतो. तुमच्या टक्क्यांपेक्षा त्याला एवढंच कळायला हवं असतं की चालू प्रकल्पात हा माणूस उपयोगी पडेल का.

तरी सगळे देश एका मापाचे नाहीत. अमेरिकेत जीवशास्त्राच्या अनेक कार्यक्रमांत पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत फिरून मग गाईड ठरतो, आणि प्रवेश समिती देते. तिथं आधीचा ईमेल फक्त ओळखीपुरता. कॅनडात बऱ्याच विभागांत कुणी प्रोफेसर घ्यायला तयार झाल्याशिवाय अर्ज पुढं सरकतच नाही. जर्मनीत स्वतंत्र पद्धतीनं, म्हणजे ठरावीक कार्यक्रमात न जाता थेट एका मार्गदर्शकाकडं, पीएचडी करायची तर मार्गदर्शनाची लेखी हमी आधी लागते आणि नोंदणी त्यानंतर. म्हणून विभागाच्या प्रवेशाच्या पानावर 'अर्जाआधी मार्गदर्शकाशी संपर्क करा' असं लिहिलंय, 'करू नका' असं लिहिलंय की काहीच नाही, हे आधी वाचावं. 'करू नका' असेल तिथं पाठवलेला ईमेल तोटाच करतो. आणि संशोधन नसलेल्या, नुसत्या कोर्सवर्कच्या एमएससाठी, म्हणजे आपल्याकडची इंजिनिअरिंगची बहुतेक मुलं जातात त्यासाठी, प्रोफेसरना लिहायची गरजच नसते.

ईमेल साधारण 200 शब्दांचा असावा. विषयाच्या ओळीत कोणता कार्यक्रम, कोणत्या सत्राचा प्रवेश आणि संशोधनाचा मुद्दा. सुरुवात 'डियर प्रोफेसर' आणि आडनाव. 'रिस्पेक्टेड सर' आपल्याकडं शोभतं, तिकडं ते शंभर जणांना एकदम पाठवल्यासारखं दिसतं, आणि समोर बाई असल्या तर विचारायलाच नको. पुढं तुम्ही कोण ते एका वाक्यात. मग त्यांच्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या एका शोधनिबंधातली नेमकी गोष्ट आणि त्यावरून तुम्हाला पडलेला प्रश्न. 'तुमच्या कामानं प्रभावित झालो' हे वाक्य कुणालाही लागू पडतं, म्हणून ते कुणालाच लागत नाही. त्यानंतर तुम्ही हातानं काय केलंय ते: कोणतं उपकरण चालवलं, किती नमुने तपासले, कोणत्या भाषेत कोड लिहिला. शेवटी एकच प्रश्न, येत्या प्रवेशासाठी नवे विद्यार्थी घेणार आहात का. सोबत दोन पानी सीव्हीची पीडीएफ पुरे. मार्क्सकार्डं जोडू नयेत. सीजीपीए 10 पैकी जेवढा आहे तेवढाच लिहावा, 4च्या मापात स्वतः बसवू नये. नाव मात्र पासपोर्टप्रमाणे. आपल्याकडच्या मार्क्सकार्डांवर कधी आडनाव आधी, कधी नुसती आद्याक्षरं, तर कधी कन्नड उच्चाराप्रमाणे स्पेलिंग. हा घोळ अर्ज भरायच्या आत मिटवावा.

अमेरिकेचे अर्ज बहुतेक डिसेंबरमध्ये बंद होतात, तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लिहावं. त्या दिवसांत बेळगावात संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे नऊ. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर त्याच ईमेलखाली दोन ओळींची एक आठवण, आणि मग थांबावं. फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅप करू नये.

उत्तर आलं तर ते नीट तोलून वाचावं. 'जरूर अर्ज करा' हे सौजन्य आहे, आश्वासन नाही. 'यंदा जागा नाही' या उत्तरानं तुमची अर्जाची फी वाचते. 'व्हिडिओ कॉलवर बोलू' किंवा 'माझ्याकडं अनुदान आहे' असं आलं तर गोष्ट खरी पुढं सरकली, आणि त्या बोलण्याआधी त्यांचे निदान दोन निबंध आकृत्यांसकट वाचून झालेले असावेत.

दोन्हीकडं एकदम प्रयत्न करणाऱ्यांनी तारखा समोर ठेवाव्यात. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं आर्थिक मदतीसह आलेल्या ऑफरवर 15 एप्रिलपर्यंत विचार करू देतात. इथं निवडयादी लागल्यावर फी भरायला थोडेच दिवस मिळतात. परदेशी अर्ज चालू असेल तर इथल्या गाईडला ते पहिल्याच भेटीत सांगावं. चारच जागा असलेल्या असिस्टंट प्रोफेसरची एक जागा तुमच्यासाठी अडून राहिली, तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी वर्षावर बेतते.