पोलंडचा पहिला राष्ट्राध्यक्ष १९९० चा नव्हे

सामान्यज्ञानाच्या फॉरवर्डमध्ये एक ओळ हमखास असते: 'पोलंडला पहिला राष्ट्राध्यक्ष १९९० मध्ये मिळाला.'

गैरसमज होणं स्वाभाविक आहे, कारण १९९० मध्ये खरोखरच एक गोष्ट पहिल्यांदा घडली. जनतेने थेट मतदान करून राष्ट्राध्यक्ष निवडला. पद मात्र जुनं आहे. मार्च १९२१ च्या संविधानाने ते निर्माण केलं आणि ९ डिसेंबर १९२२ रोजी संसदेच्या दोन्ही सभागृहांनी पाचव्या फेरीत पहिला राष्ट्राध्यक्ष निवडला. शपथ घेऊन पाच दिवस होतात न होतात तोच, १६ डिसेंबरला, वॉर्सातल्या एका चित्रप्रदर्शनात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली.

१९५२ च्या संविधानाने हे पद रद्द करून सामूहिक मंडळ आणलं, १९८९ मध्ये पद परतलं. घोळ होतो तो इथेच.

त्यात आणखी एक धागा आहे. १९३९ मध्ये दुसऱ्या महायुद्धात देश परक्यांच्या ताब्यात गेल्यापासून निर्वासित राष्ट्राध्यक्षांची परंपरा देशाबाहेर, पुढे लंडनमध्ये, चालू होती. त्यातल्या शेवटच्यांनी २२ डिसेंबर १९९० रोजी वॉर्साच्या राजवाड्यात ध्वज, शिक्के आणि १९३५ च्या संविधानाची मूळ प्रत नव्या राष्ट्राध्यक्षांच्या हाती दिली.

पडताळायचं असेल तर १९२१, १९५२ आणि १९९७ ची संविधानं शेजारीशेजारी ठेवा. पहिल्यात राष्ट्राध्यक्ष आहे, दुसऱ्याच्या मूळ मजकुरात नाही, तिसऱ्यात १२७ व्या कलमात थेट निवडणूक आहे.